वाईची यात्रा आणि आमची दाढ

प्रवासवर्णनाच्या आरंभीं निसर्गशोभा वर्णावी, असा शिष्टसंप्रदाय आहे. डोंगर, नदीचे घाट, देवळांचे कळस हें सर्व आमच्याहि प्रवासांत होतें आणि यथावकाश तें येईलहि. परंतु ज्या प्रवासांत प्रवाशाचें सारें लक्ष स्वतःच्या तोंडांतील एका दाढेकडे लागून राहिलें होतें, त्या प्रवासाची हकीकत दाढेपासून सुरू न केल्यास ती खरी होणार नाहीं. शिवाय ह्या मासिकाचे वाचक बहुधा भरल्या घरांत राहणारे आहेत, आणि भरल्या घरांत एकाची दाढ दुखूं लागली कीं दहाजण वैद्य होतात. आम्हांस जें शहाणपण थोडें उशिरां व बरेंच महाग मिळालें, तें इतरांस वेळेवर व फुकट मिळावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

गेल्या कार्तिकांत आमची उजवीकडची खालची दाढ चहाच्या घोटाबरोबर कळा मारूं लागली. दाढेंत एक बारीकसा काळा खळगा होता. तो कित्येक दिवसांचा सोबती असल्यामुळें त्याकडे आमचें दुर्लक्षच होतें. आठ दिवस आम्ही डाव्या बाजूनें जेवलों, आणि नवव्या दिवशीं दुखणें आपोआप थांबलें. घरांतून दंतवैद्याकडे जाण्याचा आग्रह चाललाच होता. परंतु जें दुखत नाहीं त्यासाठीं वैद्याकडे जाणें हें आम्हांस, न आलेल्या पाहुण्यासाठीं पाट मांडण्यासारखें वाटलें. दुखणें बरें झाल्यामुळें नव्हे, तर दाढेची आंतली शीर मेल्यामुळें थांबलें होतें, हें आम्हांस पुढें माघांत कळावयाचें होतें.

माघ महिन्यांत वाईस कृष्णाबाईचा उत्सव असतो. आमच्या ताईआत्यांचें घर तेथेंच आहे. आतेबंधू भाऊसाहेबांचें, "ह्या वेळीं तरी या," असें निकडीचें बोलावणें आलें, आणि आम्ही उभयतां व चिरंजीव असे तिघे एका शुक्रवारीं पहाटे पुण्याहून निघालों. कात्रज मागें टाकून, शिरवळावरून खंबाटकीचा घाट चढून गाडी पलीकडे उतरली आणि सुरूरच्या फाट्यावरून उजवीकडे वळली. येथून पुढें देशाचें रूप पालटूं लागतें. दोहों बाजूंस उंसाचे व हळदीचे मळे, समोर पांडवगडाचा सुळका, आणि त्यापलीकडे पांचगणीचें सपाट माथ्याचें पठार. अशा ठिकाणीं मन प्रसन्न व्हावयाचें. परंतु वाटेंत दशमीचा घांस चावतांना आम्हांस एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. ती उजवीकडची दाढ इतर दाढांपेक्षां किंचित् उंच झाल्यासारखी वाटत होती, आणि वरची दाढ तिच्यावर टेकतांच डोक्यापर्यंत कळ जात होती. आम्ही कोणास कांहींच बोललों नाहीं. उत्सवास निघालेल्या माणसानें दाढेचें गाऱ्हाणें सांगणें आम्हांस अप्रशस्त वाटलें.

वाईचे घाट ज्यांनीं पाहिले नाहींत त्यांनीं अवश्य पाहावे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी अशा एकेका आळीचा एकेक घाट, आणि उत्सव पाळीपाळीनें एकेका घाटावर होतो. नदीलाच देवी मानून मंडपांत तिची स्थापना करावयाची, तिची ओटी भरावयाची, तिच्यापुढें कीर्तन करावयाचें, आणि सर्व आळीनें एका पंक्तीस जेवावयाचें. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळीं केलेल्या नवसापासून हा उत्सव चालत आला, अशी परंपरागत कथा सांगतात. संध्याकाळीं घाटाच्या पायऱ्यांवर दिवे लागले, कीर्तनकारांनीं पूर्वरंग सुरू केला, आणि त्याच सुमारास आमच्या दाढेनेंहि ठेका धरला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक ठणका! आख्यान कोणतें होतें तें आज आम्हांस सांगतां येणार नाहीं.

रात्रीं घरांत सर्वांस कळलेंच. मग उपचारांस आरंभ झाला. वहिनींनीं लवंग दिली. ती दाढेंत धरल्यावर पाव घटका बरें वाटलें. ताईआत्यांनीं हळद व मीठ लावण्यास सांगितलें. शेजारच्या एका गृहस्थांनीं वेदनाशामक गोळी न गिळतां हिरडीवरच ठेवावी असा सल्ला दिला. तसें केल्यानें हिरडी पांढरी पडून भाजल्यासारखी झाली. कोणीतरी गरम वाळूच्या पुरचुंडीनें गाल शेकला. भाऊसाहेबांच्या कपाटांत नातवाच्या खोकल्याच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल उरल्या होत्या, त्यांतील दोन आम्हीं घेतल्या. एका औषधवाल्यानें चिठ्ठीवांचून आणखी एक निराळी पट्टी आनंदानें दिली. ह्या सर्वांचा परिपाक असा झाला कीं, सकाळीं आरशांत पाहतां आमचा उजवा गाल एखाद्या आंब्याएवढा फुगला होता.

येथेंच शहाण्या मनुष्यानें यात्रा थांबविली असती. परंतु मेणवलीचा बेत ठरलेला होता, आणि आमच्यामुळें मंडळींचा विरस होऊं नये असा आम्हीं हट्ट धरला. वाईपासून मेणवली अवघी कोसभर. औंधच्या प्रतिनिधींकडून नाना फडणविसांस हें गांव मिळालें. त्यांचा वाडा व चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आजहि उभा आहे. 'स्वदेस' ह्या २००४ सालच्या चित्रपटांत दिसलेला घाट तो हाच. घाटावरील मेणेश्वराच्या देवळापाशीं एका दगडी मेघडंबरींत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीआप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतल्यावर तेथील पोर्तुगीज चर्चमधून आलेल्या घंटांपैकीं ही एक. तिच्यावरील ख्रिस्तमातेची आकृति चिरंजीवांनीं कौतुकानें दाखविली. आम्ही मान हलविली, कारण तोंड उघडून बोलणें आतां कठीण होऊं लागलें होतें. दोन बोटें शिरतील एवढेंहि तें उघडेना.

दुपारीं परत आलों तेव्हां अंगांत कणकण भरली होती, आणि सूज गालावरून खालीं जबड्याच्या हाडाखालीं उतरत होती. ताईआत्यांनीं आमच्या हनुवटीखालीं हात लावून पाहिला, आणि त्यांचा चेहरा एकाएकीं उतरला. त्या माजघरांत गेल्या व भिंतीवरचा एक जुना फोटो काढून घेऊन आल्या. तो आमच्या चुलत आजोबांचा. ते बाविसाव्या वर्षीं वारले, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. घरांत कोणी त्यांची दृष्ट म्हणे, कोणी घशाचें गळूं म्हणे. आत्यांनीं स्वतः तें पाहिलें नव्हतें. पण त्यांच्या मातुःश्रींनीं सांगितलेलें त्यांस शब्दशः आठवत होतें. "दाढेचेंच निमित्त झालें. पहिल्या दिवशीं गाल, दुसऱ्या दिवशीं गळा, तिसऱ्या दिवशीं जीभ वर उचलली गेली आणि पाणी उतरेना. चौथ्या दिवशीं श्वास कोंडला." एवढें बोलून त्या म्हणाल्या, "बाबा रे, तूं मेणवली पाहिलीस, आतां डॉक्टर पाहा."

ह्या दुखण्यास वैद्यकांत लुडविगचा अंजायना असें नांव आहे. वुर्टेंबर्ग येथील लुडविग नांवाच्या वैद्यानें १८३६ सालीं त्याचें वर्णन केलें. खालच्या दाढेच्या मुळाशीं सांचलेला विषारी पू जबड्याच्या आंतून जिभेखालच्या व गळ्याच्या पोकळ्यांत पसरतो, जीभ वर लोटली जाते आणि श्वासमार्ग दबतो. अँटिबायोटिक औषधें येण्यापूर्वीं ह्या रोगानें निम्म्याहून अधिक रोगी दगावत. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालीं लागला. ऑक्सफर्ड येथें रोग्यास टोचून त्याचा प्रयोग झाला तो १९४१ सालीं, आणि सामान्य माणसास तें मिळूं लागलें तें दुसऱ्या महायुद्धानंतर. आमचे चुलत आजोबा त्यापूर्वींच गेले होते.

त्याच संध्याकाळीं आमची स्वारी बाजाराजवळच्या एका दवाखान्यांत दाखल झाली. डॉक्टरीणबाई वयानें आमच्या पुतणीएवढ्या असतील. त्यांनीं दाढेकडे पाहण्यापूर्वीं दुसरेच प्रश्न विचारले. पाणी गिळतां येतें काय? जीभ वर उचलतां येते काय? आवाज बदलला आहे काय? उताणें निजल्यास श्वास लागतो काय? मग जिभेखालचा भाग बोटानें चांचपला, ताप पाहिला, मधुमेहाची चौकशी करून बोटाच्या रक्तांतील साखरहि मोजली. "काका, ह्यांतील एकाहि प्रश्नाचें उत्तर वांकडें आलें असतें तर मीं तुम्हांस येथें बसविलेंच नसतें, थेट साताऱ्याच्या मोठ्या रुग्णालयांत धाडलें असतें," त्या म्हणाल्या. सुदैवानें आमचें गिळणें व श्वास ठीक होते.

क्ष-किरणांचें चित्र निघालें. दाढेच्या मुळाच्या टोकाशीं हाडांत एक काळसर वर्तुळ दिसत होतें. बाईंनीं तें दाखवून जें समजाविलें तें आम्हीं घरीं येऊन टिपून ठेवलें. दांत बाहेरून दगडासारखा कठीण, पण त्याच्या पोटांत मऊ गर असतो, आणि त्यांत बारीक रक्तवाहिन्या व शिरा असतात. कीड त्या गरापर्यंत पोहोंचली कीं तो सुजतो. भोंवतीं कठीण भिंती असल्यामुळें सुजेस जागा मिळत नाहीं, आणि गर गुदमरून मरतो. कार्तिकांत आमची कळ थांबली ती त्याच दिवशीं. मेलेल्या गरांत जंतूंचें साम्राज्य होतें, त्यांचा स्राव मुळाच्या टोकांतील छिद्रांतून हाडांत उतरतो, आणि तेथें पुवाचें गळूं तयार होतें. तें दाढेस खालून उचलून धरतें. म्हणून दाढ उंच वाटते.

"मग त्या कॅप्सूलांनीं गुण कां आला नाहीं?" आम्हीं विचारलें.

"दाढेच्या आंत आतां रक्त जात नाहीं. रक्तांतून जाणारें औषध तेथें जाईल कसें? शिवाय सांचलेला पू औषधानें आटत नाहीं. त्यास वाट करून द्यावी लागते. वाट हाच पहिला उपचार. औषध त्याच्या मदतीस, तेंहि ताप असेल, सूज पसरत असेल, किंवा रोग्याची प्रतिकारशक्ति कमी असेल तर. तुम्हांस ताप आहे, म्हणून मी देतें. पण माझें देईन, नातवाच्या खोकल्याचें नव्हे."

शेकाविषयींहि त्यांनीं बजावलें. बाहेरून गाल शेकल्यानें सूज बाहेरच्या बाजूस ओढली जाऊन वाढण्याचा संभव असतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतील, लवंगेचें तेल घटकाभर चालेल, वेदनाशामक गोळी पाण्याबरोबर पोटांत घेतल्यास चालेल. परंतु हिरडीवर गोळी ठेवूं नये, आणि घरच्या सुईनें गळूं फोडण्याच्या फंदांत तर मुळींच पडूं नये.

मग भूल दिली. पू असलेल्या जागीं आम्लता वाढते व भुलीचें औषध नीट लागत नाहीं, म्हणून त्यांनीं मागें जबड्याच्या मुळाशीं, शिरेच्या वाटेवर सुई टोचली. अर्ध्या घटकेंत ओंठ बधिर झाला. दाढेस वरून छिद्र पाडलें, आणि हिरडी व गाल ह्यांच्या खांचेंत लहानसा छेद घेतला. पुढचें वर्णन जेवणाच्या वेळीं वाचणारांसाठीं टाळतों. एवढेंच सांगतों कीं, तो दाब सुटतांच दोन दिवसांचा ठणका उतरला, आणि आमच्या डोळ्यांतून पाणी आलें तें वेदनेचें नव्हे. "आतां पांच दिवस नेमानें गोळ्या घ्या, आणि सूज उद्यां कमी न होतां वाढली, किंवा गिळतांना त्रास झाला, तर रात्र आहे म्हणून थांबूं नका," असें सांगून बाईंनीं निरोप दिला.

त्या रात्रीं आम्ही झोंपलों, परंतु घरांत वाद सुरू झाला. दाढ ठेवावी कीं काढावी? ताईआत्यांचें मत काढावी. "मूळच नको." भाऊसाहेबांनीं सुश्रुतसंहिता उघडली. वाई म्हणजे शास्त्र्यांचें गांव. प्राज्ञ पाठशाळा येथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री येथले, मराठी विश्वकोशाचें काम येथें चालत आलेलें. तेव्हां दाढेचा निकाल ग्रंथाधारावांचून कसा लागणार? सुश्रुतानें मुखरोग पासष्ट सांगितले असून त्यांतील पंधरा दंतमूलाचे आहेत. आणि त्या पंधरांत दांताच्या मुळाशीं पुवाची वाट पडते त्या नाडीव्रणाचे पांच प्रकार आहेत. ज्या दांताशीं नाडी झाली तो, वरचा नसल्यास, काढावा, मांस शस्त्रानें छेदून जागा शुद्ध करावी, आणि उपेक्षा केल्यास ती गति जबड्याचें हाड फोडते, असा त्याचा आशय. आत्यांस हें फारच पटलें. आम्हांसहि उपेक्षेचें वाक्य वर्मी लागलें. परंतु सुश्रुताच्या काळीं दाढेच्या आंत शिरण्याचें साधन नव्हतें. तें आज आहे, हें भाऊसाहेबांनींच मान्य केलें.

दुसऱ्या दिवशीं सूज निम्मी झाली. सकाळीं सर्वांबरोबर ढोल्या गणपतीच्या दर्शनास गेलों. गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनीं १७६२ सालीं हें देऊळ कृष्णेच्या ऐन कांठीं बांधलें. मूर्ति एकाच दगडाची व प्रचंड. दर्शन घेऊन आम्ही मागें गेलों. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, नदीच्या वरच्या अंगास निमुळती केलेली आहे. पूर आला कीं पाणी तिच्यावर आदळून दोहों बाजूंनीं निघून जातें, आणि देऊळ सुरक्षित राहतें. आतां वर धोमचें धरण झालें आहे, तरी त्या भिंतीची हुशारी पाहण्यासारखी आहे. पाणी अडवूं नये, त्यास वाट द्यावी, हें त्या बांधणाराने ओळखलें होतें. काल संध्याकाळीं डॉक्टरीणबाईंनीं आम्हांस तेंच सांगितलें होतें.

निघण्यापूर्वीं त्यांस पुन्हां भेटलों. त्यांनीं ठेवणें व काढणें ह्या दोन्ही वाटा निःपक्षपातानें पुढें मांडल्या. दाढ काढणें सोपें, स्वस्त व लवकर होणारें. पण जागा रिकामी राहिल्यास शेजारच्या दाढा तिकडे कलतात, समोरची दाढ लांबते, आणि चावणें एका बाजूस पडतें. मग पूल, काढघाल करतां येणारी कवळी, किंवा हाडांत टिटॅनियमचा खिळा रोवून त्यावर दांत, ह्यांपैकीं कांहीं करावें लागतें. दाढ ठेवावयाची तर रूट कॅनाल. दाढ मुळापर्यंत चिरली असेल, हिरडीचा आधार गेला असेल, वा वर बांधण्याइतका भागच उरला नसेल, तर काढणेंच योग्य. अक्कलदाढेच्या बाबतींतहि बहुधा तेंच. आमच्या दाढेच्या भिंती शाबूत होत्या. आम्हीं ठेवण्याचें ठरविलें. ताईआत्या रागावल्या नाहींत, मात्र, "पुण्यास गेल्यावर विसरूं नकोस. दुखायचें थांबलें आहे," असें म्हणाल्या. ह्या वाक्यांत आमच्या सर्व अपराधाचें सार होतें.

पुण्यास तीन खेपांत तें काम झालें. दाढेभोंवतीं रबराचा पडदा लावून ती थुंकीपासून वेगळी केली. खालच्या दाढेंत बहुधा तीन, क्वचित् चार नळ्या असतात. केंसासारख्या बारीक कानशींनीं त्या आंतून साफ केल्या, जंतुनाशक द्रवानें वारंवार धुतल्या, आणि मध्यें कांहीं दिवस औषध भरून तोंड बंद ठेवलें. शेवटीं त्या गटापर्चा नांवाच्या पदार्थानें भरल्या. मलायाकडील एका झाडाचा हा चीक. एकोणिसाव्या शतकांत समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या तारायंत्राच्या तारांस ह्याचेंच वेष्टण असे. ज्या वस्तूनें समुद्रास तारेपासून दूर ठेवलें, ती आतां आमच्या दाढेंत जंतूंस दूर ठेवीत आहे, हें ऐकून चिरंजीवांस मोठी मौज वाटली. वर टोपी बसविली. कारण गर गेलेली दाढ ठिसूळ होते, आणि टोपीवांचून ती सुपारीच्या एका खांडानेंहि दुभंगूं शकते. क्ष-किरणांत दिसलेलें तें काळें वर्तुळ भरून येण्यास कित्येक महिने लागतात. तोंवर अधूनमधून चित्र काढून पाहावयाचें आहे, आणि ह्या खेपेस आम्ही तें चुकविणार नाहीं.

पसरणीचा घाट चढून पांचगणीस जावयाचें राहूनच गेलें. उत्सवाच्या पंक्तीस सर्व आळी जेवली तेव्हां आम्ही पेजेची वाटी घेऊन एका बाजूस बसलों होतों. पण त्याची खंत नाहीं. निघतांना ताईआत्यांनीं तो फोटो पुसून पुन्हां भिंतीवर लावला. फोटोंतले चुलत आजोबा आमच्या चिरंजीवांहून लहान दिसतात. जबडा रुंद आहे, आणि उजव्या गालावर आमच्याचसारखी खळी आहे. "ह्याला कोणी वाट करून दिली नाहीं रे," एवढेंच आत्या म्हणाल्या.

पुढच्या माघांत पुन्हां वाईस जावयाचें ठरलें आहे. तत्पूर्वीं घरांतील लहानथोर सर्व मंडळींचे दांत एकदां तपासून घ्यावयाचे, दुखत असोत वा नसोत, असा निश्चय आमच्या घरांत एकमतानें झाला आहे. सात जणांचे तपासून झाले. त्यांत एका दाढेंत तसलाच बारीक काळा खळगा सांपडला. ती चिरंजीवांची, अजून मुळींच दुखत नव्हती, आणि एका बैठकींत भरून झाली.